आधी गटार, मग मजले

पानिपतावर पडलेल्या सदाशिवरावभाऊंच्या नावाने वसलेल्या सदाशिव पेठेचे रूप झपाट्याने पालटत आहे. चौक, ओसरी, माजघर आणि परसातला आड असलेले वाडे एकामागून एक उतरत आहेत व त्यांच्या जागी बहुमजली इमारती उभ्या राहत आहेत. या पालटाबद्दल गळा काढण्याची आमची इच्छा नाही. वाड्यांचे गोडवे बहुधा तेच गातात, ज्यांना त्यात राहावे लागत नाही. दर पावसाळ्यात फुगणाऱ्या भिंतीखाली जीव मुठीत धरून निजणाऱ्या आणि सामाईक संडासापुढे रांग लावणाऱ्या भाडेकरूला पक्के घर मिळत असेल, तर ते मिळालेच पाहिजे. आमचा प्रश्न वेगळा आहे. या नव्या मजल्यांचे सांडपाणी जाणार कोठे?

जुन्या हद्दीची विकास योजना २०१७ साली मंजूर झाली. २०२० च्या डिसेंबरात राज्याची एकत्रित विकास नियंत्रण नियमावली आली. अधिमूल्य भरून वाढीव चटईक्षेत्र घेण्याची आणि जुन्या इमारतींच्या पुनर्बांधणीला जादा क्षेत्र मिळण्याची वाट तिने रुंद केली. मजले कागदावर एका सहीने वाढतात. रस्त्याखालचा नळ मात्र सहीने रुंद होत नाही. गणित साधे आहे. भुयारी गटार असलेल्या शहरात माणशी रोज १३५ लिटर पाणी लागते असे अभियंते धरतात आणि त्यातील सुमारे ८० टक्के गटारात परत येते. म्हणजे माणशी १०८ लिटर. समजा, एका वाड्यात ४० माणसे होती आणि नव्या इमारतीत १२० आली, तर रोजचे सांडपाणी सव्वाचार हजार लिटरांवरून तेरा हजारांच्या घरात जाते. एका बोळात असे दहा वाडे उतरले, तर काय होईल हे सांगावयास ज्योतिषी नको. त्यात गच्चीवरचे पावसाचे पाणी सर्रास मैलागटारात सोडले जाते. मग जोराच्या सरीबरोबर झाकण उचलले जाते आणि तळमजल्याच्या न्हाणीतून घाण उलटी येते. मजले वरच्यांना मिळतात, मैला खालच्यांच्या वाट्याला येतो.

पेशवाईतील पुण्याला ही दूरदृष्टी नव्हती असे कोणी समजू नये. शहर वाढू लागताच नानासाहेब पेशव्यांनी कात्रजच्या तळ्यातून जमिनीखालून नळ बांधून पेठांतील हौदांपर्यंत पाणी आणले आणि वस्तीतून वाहणारा आंबील ओढा वळविला. आधी पाणी, मग वस्ती, हा तो क्रम होता. आज आपण तो उलटा केला आहे. वळविलेल्या त्या ओढ्याने २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री काठच्या वस्तीत शिरून अनेकांचे प्राण घेतले. पाण्याची वाट अडविली की पाणी ती परत मागते, हा धडा तेव्हाच मिळाला होता. २० सप्टेंबर २०२४ रोजी बुधवार पेठेत सिटी पोस्टाच्या आवारात जमीन खचली आणि खुद्द महापालिकेची गटार साफ करणारी गाडी खड्ड्यात गडप झाली. पेठांच्या पोटात काय दडले आहे, याची पुरती जाण आपल्याला नाही, हे याहून स्पष्ट कोण सांगणार?

नदीसुधारणेसाठी ९९० कोटी रुपयांची व ११ शुद्धीकरण केंद्रांची योजना २०१६ साली मंजूर झाली, हे खरे. परंतु शुद्धीकरण केंद्र हे गटाराचे शेवटचे टोक आहे. बोळातील नळच तुंबला तर तेथवर पाणी पोहोचणार कसे? मोठ्या गृहसंकुलांवर सांडपाण्याच्या पुनर्वापराची अट असते, पेठेतील चिमुकले भूखंड तिच्यातून निसटतात.

आमच्या मागण्या तीनच आहेत. पहिली, महापालिकेने प्रत्येक गल्लीतील गटाराचा व्यास, वय व उतार दाखविणारा नकाशा प्रसिद्ध करावा. दुसरी, वाढीव चटईक्षेत्र देण्यापूर्वी मलनिःसारण खात्याने त्या नळाच्या वाहनक्षमतेचा दाखला ठराविक मुदतीत द्यावा; मुदत अशासाठी की दाखल्याच्या नावाखाली भाडेकरूची अडवणूक होऊ नये. तिसरी, अधिमूल्याचा ठरलेला हिस्सा त्याच पेठेच्या भुयारी कामावर खर्च व्हावा. हे काम आवाक्याबाहेरचे नाही. नळाचा व्यास दुप्पट केला, तर त्याच उतारावर त्याची क्षमता सुमारे सहापट होते. खरा खर्च खणण्याचा असतो. तो रस्त्याचे काँक्रीट होण्यापूर्वी एकदाच करावा, नंतर पुनःपुन्हा नव्हे.

२०२२ च्या मार्चपासून जवळजवळ चार वर्षे महापालिकेत लोकनियुक्त सभागृह नव्हते आणि नागरिकाने विचारावे तरी कोणाला, अशी स्थिती होती. म्हणून पेठकरांनी आता विचारल्याविना राहू नये. तुंबलेल्या गटारात माणूस उतरविण्यास २०१३ च्या कायद्याने बंदी घातली आहे. तरीही नियोजनाची चूक अखेरीस कोणा गरिबाच्या अंगावरच येते. नव्या घराच्या वास्तुशांतीला बसण्यापूर्वी प्रत्येकाने एवढेच विचारावे: माझ्या घरातले पाणी कोणाच्या दारात जाणार आहे? या प्रश्नाला उत्तर नसेल, तर तो मजला अजून चढविण्याजोगा झालेला नाही.