कर नाही त्याला डर कशाला?

सरकारच्या हाती किती सत्ता असावी हा प्रश्न निघाला, की आमच्याकडील चांगले सुशिक्षित गृहस्थही एक म्हण पुढे करून वादाचा निकाल लावून टाकतात. ‘कर नाही त्याला डर कशाला?’ असे ते विचारतात. जो सरळ मार्गाने आपला धंदा करतो, सरकारदेणे वेळेवर भरतो आणि कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही, त्याचे पत्र कोणी फोडले किंवा त्याच्या दाराशी कोणी पाळत ठेवली, तरी त्याचे काय बिघडणार, असा त्यांचा रोकडा सवाल असतो. सवाल सोपा दिसतो. म्हणूनच तो तपासून पाहणे अवश्य आहे. पूर्व जर्मनी नावाच्या राज्याने ह्याच म्हणीच्या आधारावर चाळीस वर्षे आपल्या रयतेचा संसार चालविला, आणि त्या संसाराचे दप्तर आज जगापुढे उघडे पडले आहे. त्यातील काही पाने आम्ही आज वाचकांपुढे ठेवीत आहो.

दुसऱ्या महायुद्धात पराभूत झालेल्या जर्मनीच्या ज्या भागावर रशियाचा ताबा होता, तेथे हे राज्य १९४९ च्या ऑक्टोबरात स्थापन झाले आणि १९९० च्या ऑक्टोबरात विलयास गेले. अखेरच्या दिवसांत त्याची लोकसंख्या सुमारे १ कोटी ६० लाख होती. सत्ता एकाच पक्षाची. इतर पक्ष होते, परंतु त्या पक्षाच्या मागे चालण्यापुरतेच. न्यायबुद्धीने पाहू जाता त्या राज्याची जमेची बाजू प्रथम सांगितली पाहिजे. न्याहारीचा लहान पाव तेथे पाच फेनिगला मिळे, आणि तो भाव कित्येक दशके हलला नाही. घरभाडे नाममात्र होते, बेकारी नव्हती, कामावर जाणाऱ्या आयांच्या मुलांची सोय लागत होती. त्या दिवसांची आठवण काढून तेथील काही वृद्ध आजही हळहळतात. त्यांस आम्ही खोटे म्हणणार नाही. परंतु जेथे एवढे सुख होते, तेथून १९६१ पूर्वीच्या बारा वर्षांत पंचवीस लाखांहून अधिक माणसे पश्चिमेकडे का निघून गेली? आणि त्यांस थोपविण्यासाठी १३ ऑगस्ट १९६१ रोजी बर्लिन शहरात तारांचे कुंपण घालून पुढे त्याची भिंत का करावी लागली? राजे लोक कोट बांधीत ते शत्रूस बाहेर ठेवण्यासाठी; हा कोट बांधला तो आपल्याच प्रजेस आत ठेवण्यासाठी. त्या भिंतीपाशी किमान १४० माणसे प्राणांस मुकली.

तथापि भिंत व बंदुका ह्या दूरच्या गोष्टी झाल्या. सामान्य माणसाला त्या रोज दिसत नसत. त्याला रोज दिसत असे ती गोष्ट निराळी होती. राहावयास जागा मिळावयाची ती सरकारी कचेरीच्या यादीतून. नोकरी सरकारी कारखान्यात. मुलास वरच्या शाळेत जागा सरकारच्या मर्जीने. परगावी विसाव्यासाठी जावयाचे तरी चिठ्ठी कामगारसंघाची. मोटारगाडीसाठी नाव नोंदविले, तर ती दारात येईपर्यंत दहा-दहा वर्षांहून अधिक काळ जाई. ह्यांपैकी कोणतीही वस्तू हक्काने मिळत नव्हती. सर्व काही मेहेरबानीने मिळत होते. बापाने सभेत तोंड वाकडे केले, तर मुलीचे वैद्यकीचे शिक्षण बंद पडू शके. धर्मोपदेशकांच्या मुलांस तर वरच्या शाळांची दारे अनेकदा बंदच असत. ज्याच्या संसाराची प्रत्येक दोरी एकाच हातात आहे, त्याला फाशी दाखविण्याचे कारणच उरत नाही. दोरी किंचित हलली तरी पुरे.

व्यापारी वाचकांनी येथे थोडे थांबून विचार करावा. त्या देशात लहानमोठे खाजगी कारखाने बरीच वर्षे टिकून होते. कित्येकांत सरकारने भागीदारी घेतली होती आणि मालक नेमाने माल पुरवीत होते. १९७२ साली अशा १०,००० हून अधिक पेढ्या व कारखाने थोड्याच महिन्यांत सरकारजमा करण्यात आले. कालचा मालक, त्याचे नशीब बरे असले तर, आपल्याच कारखान्यात सरकारचा पगारी व्यवस्थापक झाला. त्याने कोणता गुन्हा केला होता? काहीच नाही. त्याच्या हातून काही ‘कर’ घडली नव्हती. तरीही त्याची पेढी गेली.

आता पाळतीची गोष्ट. १९५० च्या फेब्रुवारीत स्थापन झालेल्या गुप्त पोलीसखात्यास लोक स्टासी म्हणत. १९८९ साली त्याचे पगारी नोकर सुमारे ९१,००० होते, आणि वरकरणी इतर उद्योग करून गुपचूप बातम्या पुरविणारे पावणेदोन लाखांच्या आसपास. म्हणजे मुलेबाळे धरून दर साठ-बासष्ट माणसांमागे एक माणूस ह्या कामावर होता. प्रत्येक इमारतीत रहिवाशांची एक वही असे, तीत मुक्कामास येणाऱ्या पाहुण्यांची नोंद करावी लागे, आणि ती वही पोलीस पाहत. टपालकचेऱ्यांत स्टासीच्या खोल्या होत्या. तेथे पाकिटे वाफेवर उघडून, वाचून, पुन्हा चिकटविली जात. गंमत अशी, की १९६८ च्या राज्यघटनेच्या ३१ व्या कलमात टपाल व तारा ह्यांची गुप्तता अभंग आहे असे लिहिले होते. त्याच कलमात पुढे, राज्याच्या सुरक्षिततेस अवश्य वाटेल तेव्हा कायद्याने त्यास मर्यादा घालता येईल, अशी पुस्तीही जोडली होती. कायद्याच्या पुस्तकांशी आमचा जन्माचा संबंध असल्याने अशा पुस्त्या आम्ही बारकाईने वाचतो. पहिल्या वाक्याने दिलेले दुसऱ्या वाक्याने काढून घेतले, की घटना राहते आणि पाकीटही फुटते.

पाळत घरात शिरली ती मुलांच्या वाटेने. पश्चिमेकडील दूरचित्रवाणी पाहणे सरकारास रुचत नसे. शाळेतील मास्तर लहान मुलांस सहज विचारीत, की संध्याकाळच्या बातम्यांच्या वेळी तुमच्याकडे जे घड्याळ दिसते त्यावर ठिपके असतात की रेघा? दोन्हीकडील घड्याळे निराळी होती. मुलाच्या उत्तरावरून घरात काय चालते ते समजे. ही आठवण तेथे वाढलेल्या अनेकांनी सांगितली आहे. म्हणून आईबाप मुलांस दोन भाषा शिकवीत. एक घरातली, दुसरी शाळेतली. सहा वर्षांच्या पोरास खोटे बोलण्याचे शिक्षण त्याच्या प्रेमळ आईनेच द्यावे, ह्याहून अधिक हानी एखाद्या राज्याने रयतेची ती काय करावयाची राहिली?

आता आमच्या म्हणीकडे वळू. ‘कर’ म्हणजे काय, हे ठरविणार कोण? पूर्व जर्मनीच्या फौजदारी कायद्यात ‘राज्यविरोधी चिथावणी’ नावाचे कलम होते. त्याचे तोंड इतके रुंद, की सरकारची टवाळी करणारा विनोदही त्यात सामावून जाई. गुप्त नसलेली माहितीसुद्धा परक्यांस कळविणे राज्यास अहितकारक ठरवून त्यासाठी तुरुंगात घालता येई. परवानगीवाचून देश सोडणे हा गुन्हा. परवानगी मागणे हा गुन्हा नसला, तरी ती मागणाऱ्याची नोकरी अनेकदा जाई. अशा ठिकाणी ‘माझ्या हातून काही घडले नाही’ असे छातीवर हात ठेवून कोण म्हणू शकेल? गुन्ह्याची सीमा कोणालाच दिसत नसल्याने प्रत्येकजण तिच्यापासून दहा पावले मागे राही.

बरे, अन्याय झाला तर दाद कोठे मागावी? सरकारी अधिकाऱ्यांचे हुकूम तपासणारी न्यायालये १९५२ सालीच मोडीत काढली होती. त्या राज्याच्या अगदी अखेरच्या वर्षापर्यंत सामान्य नागरिकाला अशा हुकमाविरुद्ध कोर्टात जाण्याचा मार्ग जवळजवळ नव्हता. त्याने विनंतीअर्ज करावा. लोकही असे अर्ज लाखांनी करीत. गळके छप्पर, न मिळालेली जागा, न आलेली मोटार, सर्वांसाठी अर्ज. कित्येकदा अर्ज मान्यही होत. पण अर्ज मान्य होणे आणि दावा जिंकणे ह्यांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. दावा जिंकणारा मान ताठ ठेवून कोर्टाबाहेर पडतो. अर्ज मान्य झालेला आभार मानीत कचेरीबाहेर पडतो, आणि पुढच्या वेळी जपून बोलतो.

१९७६ च्या जानेवारीत स्टासीने आपल्या अधिकाऱ्यांसाठी एक लेखी नियमावली काढली. तीत, ज्याच्यावर उघड खटला भरणे सोयीचे नाही त्याची अब्रू, नोकरी व स्नेहसंबंध आतून कसे पोखरावे ह्याची पद्धत दिली होती. लोकांत वाईट बोलवा उठवावी, कामात अपयश येईल अशी व्यवस्था करावी, मित्रामित्रांत संशय पेरावा. आरोप नाही, म्हणून बचाव नाही. आणि शिक्षा मात्र चालूच. ज्यांना तुरुंगात टाकले, त्यांचाही राज्याने व्यापार केला. १९६३ पासून १९८९ पर्यंत ३३,००० हून अधिक राजकीय कैदी पैसे व माल घेऊन पश्चिम जर्मनीच्या हवाली करण्यात आले. माणसाचा भाव ठरविणारे हे राज्य स्वतःस कामकऱ्यांचे राज्य म्हणवीत होते!

मतदान तेथेही होत असे. एकच यादी हाती मिळे; तिची घडी घालून पेटीत टाकली की मत झाले. लोक थट्टेने त्यास ‘घडी घालावयास जाणे’ म्हणत. पडद्याआड जाण्याची मुभा होती, परंतु आड कोण गेला ते टिपून घेतले जाई. ७ मे १९८९ च्या निवडणुकीत यादीच्या बाजूने ९८.८५ टक्के मते पडल्याचे सरकारने जाहीर केले. त्या दिवशी काही धीट नागरिक मतमोजणीच्या ठिकाणी जाऊन उभे राहिले, त्यांनी आकडे टिपले, आणि जाहीर झालेले आकडे खोटे असल्याचे दाखवून दिले. तेथून वारे फिरले. ९ ऑक्टोबरला लाइपझिग शहरात सुमारे ७०,००० माणसे रस्त्यावर आली, आणि ९ नोव्हेंबरला भिंतीची दारे उघडली.

स्टासीचे अधिकारी दप्तर जाळू व फाडू लागले, तेव्हा नागरिकांनीच त्यांच्या कचेऱ्यांत शिरून ते वाचविले. जे उरले ते एका ओळीत मांडले तर १११ किलोमीटर भरते, असे मोजमाप आहे. शिवाय फाडलेल्या कागदांची सुमारे १६,००० पोती. १९९२ च्या जानेवारीपासून ज्याचे त्याला आपले दप्तर पाहता येऊ लागले. वेरा वोलेनबेर्गर ह्या चळवळीतील बाईंस, ज्या पुढे लोकसभेच्या सभासद झाल्या, आपल्यावरील बातम्या पुरविणारा इसम आपला पतीच होता असे कळून आले. भिंत पाडण्यास काही महिने पुरले. असा मोडलेला विश्वास पुन्हा उभा करण्यास किती पिढ्या लागतील?

आमचे म्हणणे एवढेच आहे. चोरास धाक असावा, गुन्हेगार हुडकण्यास पोलिसांस साधने असावीत, ह्याविषयी आमचा वाद नाही. परंतु पत्र फोडण्यापूर्वी स्वतंत्र न्यायाधीशाचा हुकूम असावा, आरोप करणारा समोर यावा, अधिकाऱ्याच्या हुकमावर कोर्टात दाद मागता यावी, आणि आपल्याविषयी काय लिहून ठेवले आहे ते नागरिकास पाहता यावे. ही चार कुलपे शाबूत असतील तोपर्यंत ती म्हण खरी आहे. ती निघाली, की भिण्याचे कारण गुन्हा हे उरत नाही. शेजाऱ्याची नाखुशी, कारकुनाची मर्जी किंवा मुलाच्या तोंडून निसटलेला एक शब्दही पुरतो. म्हणून जो गृहस्थ आज ही म्हण सांगून स्वस्थ बसतो, त्याने प्रथम आपल्या दाराची ही कुलपे जागच्या जागी आहेत की नाहीत, हे उठून पाहावे.