स्पीकरच्या तोंडावरील कापड

आमच्या मालेगांवांत कापडाचा तुटवडा कोणास ठाऊक नाहीं. यंत्रमागांची खडखड हाच येथील दिवसरात्रीचा ताल. तेव्हां स्पीकरच्या पेटीस लावण्यापुरतें हातभर कापड हवें असतां त्यांत विचार तो कसला करावयाचा, असें वाचकांस वाटेल. परंतु या हातभर कापडापायीं एकत्र कुटुंबांत केवढा कलह माजतो, हें आम्ही पाहिलें आहे. म्हणून या महिन्यांत त्याविषयीं चार शब्द लिहीत आहों.

आमच्या नातवाजवळ विजेची गिटार आहे. तिच्या स्पीकरपेटीचें कापड फाटलें, तेव्हां एका दुकानदारानें कोचाचें जाड, सुबक कापड चढवून दिलें. पेटी झोकदार दिसूं लागली; पण स्वर मात्र रजईंतून आल्यासारखे! ते स्पष्ट यावेत म्हणून नातू आवाज चढवी, आणि आवाज चढला कीं वडीलधाऱ्यांची वामकुक्षी मोडे. अखेर गिटार विकून टाकण्याचा ठराव घरांत जवळजवळ मंजूर झाला होता. तेवढ्यांत कापड बदललें, मंद आवाजांतही स्वर स्वच्छ येऊं लागले, आणि ठराव आपोआप बारगळला. दोष वाद्याचा नव्हता, मुलाचाही नव्हता.

स्पीकरांतील कागदी पडदा पुढेंमागें हालतो व हवेस हालवितो; तेंच आपणांस ऐकूं येतें. त्यापुढील कापडाचीं कामें दोन : धूळ व मुलांचीं बोटें यांपासून पडद्यास जपणें, आणि ध्वनीच्या लहरींस वाट देणें. दाट विणीचें कापड पहिलें काम करितें, पण दुसऱ्यांत चुकतें. विशेषतः उंच स्वर त्यांत अडतात. संस्कृतांत छिद्र म्हणजे भोंक, आणि छिद्र म्हणजे दोषही. लुगड्याच्या बाबतींत हे दोन्ही अर्थ एकच. येथें मात्र छिद्र हाच गुण होय. म्हणून घट्ट विणीचें कापड, अंगावर कितीही शोभलें तरी, या कामीं निरुपयोगी. परीक्षा सोपी आहे. कापड तोंडाशीं धरून फुंकावें. पलीकडे धरलेल्या तळहातास फुंकर सहज लागली तर तें घ्यावें.

ही विद्या नवी नव्हे. मुंबईचें नभोवाणी केंद्र २३ जुलै १९२७ रोजीं सुरू झालें. पुढें घरोघर आलेल्या रेडिओंच्या तोंडावर असेंच कापड असे. अमेरिकेंत लिओ फेंडर यानें १९३८ सालीं फुलर्टन येथें रेडिओदुरुस्तीचें दुकान काढलें, आणि पुढें तोच गिटारी व त्यांचे ध्वनिवर्धक करूं लागला. गिटारच्या पेटीवरील कापड हें रेडिओच्या कापडाचेंच भावंड म्हणावयाचें.

आतां कृति. प्रथम वीज तोडावी. तारा कोठें जोडल्या आहेत याच्या खुणा करून स्पीकर काढावा व पुढची फळी सोडवावी. जुनें कापड व पिना उपटाव्या. फळीस पुढून चकाकी नसलेला काळा रंग द्यावा; नाहींतर जाळींतून लाकूड डोकावतें. रंग पूर्ण वाळल्यावर, चोहोंकडून दोन इंच अधिक कापलेलें कापड पालथें पसरून त्यावर फळी पालथी ठेवावी. पिना आधीं एका बाजूच्या मध्यावर, मग ताणून समोरच्या बाजूच्या मध्यावर, नंतर उरलेल्या दोन बाजूंस माराव्या. तेथून कोपऱ्यांकडे जावें. कोपरे शेवटीं दुमडावे. ताणा व बाणा फळीच्या कडांशीं सरळ आहेत ना, हें पदोपदीं पाहावें. कापड सैल राहिल्यास खर्जाच्या स्वराबरोबर फडफडतें. अति ओढल्यास धागे वाकडे होतात. गोंद छिद्रांत जाऊं देऊं नये.

एवढें काम सुटीच्या एका दिवसांत घरच्या घरीं होतें. मुलांस तें स्वतः करूं द्यावें. वडिलांनीं फार तर कापडाचें दुसरें टोक धरावें. आणि घरांतील कोणाचा आवाज फार चढूं लागला असें वाटलें, तर त्यास दटावण्यापूर्वीं, त्याच्या तोंडावर आपणच एखादें जाड कापड बांधलेलें नाहीं ना, हेंही एकदां पाहावें.