शिकाऊ उमेदवारी : विद्यावेतनाआधी करारपत्र पाहा

कारखान्यात शिकाऊ उमेदवार म्हणून रुजू होताना पहिला प्रश्न असतो, महिन्याला किती मिळणार? तो योग्यच आहे. पण त्याआधी विचारा : माझा करार नोंदवला आहे का?

करार का महत्त्वाचा?

शिकाऊ उमेदवार अधिनियम, १९६१ नुसार आपण प्रशिक्षणार्थी आहात, कामगार नाही (कलम १८). त्यामुळे कामगार कायदे आपल्याला सरसकट लागू होत नाहीत. प्रशिक्षणानंतर नोकरीची हमीही नाही. २०१४ च्या दुरुस्तीने भरतीचे धोरण ठरवण्याचे काम मालकावरच सोपवले आहे. म्हणून शेवटी आपल्या हाती उरते ते शिकलेले काम आणि परीक्षा उत्तीर्ण झाल्यावर मिळणारे प्रमाणपत्र. करार नोंदवलेला नसेल, तर आपण कागदोपत्री शिकाऊ उमेदवारच नसता आणि प्रमाणपत्राची वाटही बंद होते.

विद्यावेतन किती?

२०१९ च्या नियमांनुसार शिक्षणाप्रमाणे किमान विद्यावेतन दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरले. मे २०२५ मध्ये केंद्रीय शिकाऊ उमेदवारी परिषदेने त्यात ३६ टक्के वाढीची शिफारस केली. शिफारस अधिसूचित झाल्यावरच दर बदलतो, हे लक्षात ठेवा.

राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेत केंद्र सरकार किमान विद्यावेतनाच्या २५ टक्के, जास्तीत जास्त १,५०० रुपये, थेट आपल्या बँक खात्यात जमा करते. उरलेली रक्कम मालकाने द्यायची असते. खात्यात फक्त सरकारी हिस्सा आला असेल, तर बाकीची रक्कम मालकाकडे मागा.

मालकावर कोणती बंधने आहेत?

• ३० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने २.५ ते १५ टक्के शिकाऊ उमेदवार घेणे बंधनकारक आहे.
• विद्यावेतन नगावर, म्हणजे केलेल्या मालाच्या संख्येवर, देता येत नाही.
• शिकाऊ उमेदवार सल्लागाराच्या मंजुरीशिवाय ओव्हरटाइम करून घेता येत नाही.
• प्रशिक्षणादरम्यान कामामुळे अपघाती इजा झाल्यास मालकाला भरपाई द्यावी लागते (कलम १६).

आपण काय करावे?

अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर आपल्या खात्यात करार दिसतो का ते तपासा. ट्रेड, कालावधी आणि विद्यावेतन वाचून एक प्रत जवळ ठेवा. कराराबाबत वाद झाल्यास शिकाऊ उमेदवार सल्लागाराकडे लेखी तक्रार करा. त्यांचा निर्णय मान्य नसल्यास ३० दिवसांत अपील करता येते (कलम २०). हा कायदा देशभर लागू आहे. आपण गाव सोडून दुसऱ्या राज्यात शिकत असाल, तरी हे हक्क तिथेही आपलेच आहेत.