दाराशी उभे असलेले मुलगे

आमच्या बेळगावच्या मंडळीत शब्बाथ शाळेची हजेरी घेताना दर रविवारी एक गोष्ट मनाला लागते. चौथी-पाचवीपर्यंतची मुलं पुढच्या सतरंजीवर दाटीवाटीनं बसतात. सहावी ते आठवीचे मुलगे मात्र दाराशी उभे. प्रार्थनेला डोळे मिटले की त्यातले दोघे-तिघे गायब! लहान मुलांत बसायची त्यांना लाज वाटते आणि तरुण संघ त्यांना अजून घेत नाही. आपण मात्र दोष देतो मोबाइलला नि क्रिकेटला. मीही देत होतो.

गेल्या वर्षी सातवीतल्या एकानं विचारलं, "सर, देवाला सगळं आधीच माहीत असतं, तर प्रार्थना कशाला करायची?" वर्गात हशा पिकला. "मोठा झालास की कळेल," म्हणून मी त्याला खाली बसवलं. पुढचे तीन रविवार तो आला नाही.

लूकच्या दुसऱ्या अध्यायात बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून त्यांचं ऐकतो, त्यांना प्रश्न विचारतो. त्याला कोणी गप्प बसवलं नाही. मी या मुलाला बसवलं होतं.

त्याच्या घरी जाऊन चूक कबूल केली. त्याच्या प्रश्नासाठी मला मत्तयाचा सहावा अध्याय पुन्हा वाचावा लागला. आपल्या गरजा पित्याला आधीच ठाऊक आहेत असं सांगूनच प्रभूनं तिथे प्रार्थना शिकवली आहे. मग तो हळूच म्हणाला, "गाणं पण नको वाटतं, सर. आवाज चिरकतो, मुली हसतात."

या वयात आवाज फुटतो, हे आम्हा शिक्षकांच्या लक्षात कसं आलं नाही? रेव्हरंड टिळकांच्या भजनांवर वाढलेली आपली मंडळी. गळा साथ देत नसेल, तर हात आहेत की! त्याला ढोलकी दिली. एकाकडे माइक-स्पीकर जोडणं, दोघांकडे म्हाताऱ्या माणसांना रिक्षापर्यंत पोचवणं. वर्गाची शेवटची दहा मिनिटं फक्त त्यांच्या प्रश्नांना. मला उत्तर येत नसेल तर वहीत लिहून घेतो आणि पाळकसाहेबांना विचारून पुढच्या रविवारी सांगतो.

सगळे परत आले असं म्हणणार नाही. क्रिकेटही चालूच आहे. पण ढोलकीवाला आता वर्गाआधी अर्धा तास येतो.

कमिटीतल्या वडीलधाऱ्यांना एवढीच विनंती: या मुलग्यांना रागावण्याआधी मंडळीत त्यांच्यासाठी काय काम ठेवलंय, ते एकदा बघा.

– एक शब्बाथ शाळा शिक्षक, बेळगाव