पाण्याचे यंत्र आणि नळाचा प्रश्न

पिण्याचे पाणी शुद्ध करणारे यंत्र ही आता केवळ सुखवस्तू घरांतील वस्तू राहिलेली नाही. हप्त्यांची सोय झाल्यापासून ते चाळीत, कामगार वसाहतीत आणि तालुक्याच्या गावीही पोहोचले आहे. कोणते यंत्र घ्यावे, अशी विचारणा आपल्या कार्यकर्त्यांकडेही होते. हा प्रश्न किरकोळ म्हणून टाळता कामा नये. त्याचे शास्त्रशुद्ध उत्तर आपण दिले नाही, तर ते जाहिरातदार देतात. आणि त्यांच्या उत्तरात कुटुंबाच्या खिशाबरोबर सार्वजनिक पाणीपुरवठ्याचाही बळी जातो.

प्रथम शास्त्र पाहू. पाण्यातील दोष ढोबळमानाने तीन प्रकारचे : गढूळपणा, रोगजंतू आणि विरघळलेले क्षार. गढूळपणा तुरटीने व गाळण्याने जातो. रोगजंतू उकळल्याने मरतात. क्लोरीननेही बहुतेक मरतात. अतिनील किरणांचे यंत्र तेच काम विजेवर करते. मात्र त्यासाठी पाणी नितळ हवे, कारण गढूळ पाण्यात किरण नीट पोहोचत नाहीत. अतिसूक्ष्म छिद्रांच्या पडद्याची गाळणी जिवाणूंना विजेवाचूनही अडवू शकते. विरघळलेले क्षार मात्र यांपैकी कोणत्याही उपायाने जात नाहीत. त्यासाठी दाब देऊन पाणी विशिष्ट पडद्यापलीकडे ढकलणारे यंत्र लागते. बाजारात त्याला आर.ओ. म्हणतात. ते महाग असते, आणि विक्रेत्यांचा आग्रह बहुधा त्याच्यासाठीच असतो.

हा आग्रह कसा धरला जातो ते पाहण्यासारखे आहे. विक्रेता पेल्यात एक छोटा मापक बुडवून आकडा दाखवतो. तो आकडा विरघळलेल्या क्षारांचा असतो. पाण्यात पटकीचे जंतू आहेत की नाहीत, हे तो सांगू शकत नाही. कधी तो पाण्यात विजेच्या सळया सोडून पाणी तपकिरी करून दाखवतो आणि घरची मंडळी घाबरतात. वास्तविक तो रंग बव्हंशी विजेमुळे झिजणाऱ्या लोखंडी सळईचाच असतो. भारतीय मानक ब्युरोच्या आय.एस. १०५०० या मानकानुसार लिटरमागे ५०० मिलिग्रॅमपर्यंत विरघळलेली द्रव्ये स्वीकारार्ह आहेत. दुसरा स्रोतच नसेल तर २००० पर्यंतची मुभा आहे. मुंबई-पुण्याला पुरवल्या जाणाऱ्या धरणांच्या पाण्यात हे प्रमाण ५०० हून पुष्कळच कमी असते. जेथे ते ५०० हून कमी आहे तेथे आर.ओ.च्या वापरास बंदी घालावी, असे राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने मे २०१९ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयास बजावले होते. विक्रेता हे सांगत नाही.

याचा अर्थ हे यंत्र सर्वत्र निरुपयोगी आहे असा नव्हे. अकोला, अमरावती, बुलढाणा जिल्ह्यांतील पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात भूजल खारट आहे. यवतमाळ, चंद्रपूरच्या काही गावांत भूजलातील फ्लोराइड मर्यादेबाहेर आहे. ते दात किडवल्यासारखे डागाळते, हाडे वाकवते, आणि पाणी उकळून ते जात नाही. तेथे दुसरा सुरक्षित स्रोत येईपर्यंत यंत्राचा आधार घ्यावा लागतो. परंतु तेथील शेतमजुराजवळ यंत्राला पैसा नाही, आणि झिजलेला पडदा वेळेवर बदलण्यास तर मुळीच नाही. ज्याला गरज आहे त्याला यंत्र परवडत नाही, आणि ज्याला परवडते त्याला पुष्कळदा त्याची गरजच नसते. बाजारावर सोपवलेल्या वाटपाचा याहून स्वच्छ दाखला शोधावा लागणार नाही.

आता एक साधा हिशेब करू. घरगुती आर.ओ. यंत्र एक लिटर पाणी देताना सर्वसाधारणपणे तीन लिटर सांडून देते. पिण्यास व स्वयंपाकास २० लिटर घेणारे कुटुंब या रीतीने रोज ६० लिटर पाणी मोरीत सोडते. १५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जलजीवन मिशनने ग्रामीण भागातील एका माणसासाठी दिवसाचे प्रमाण धरले आहे ५५ लिटर!

पाण्याच्या या नासाडीहून मोठी हानी राजकीय आहे. नळाला घाण पाणी आले की त्याविरुद्ध अर्ज लिहिणारा, वर्तमानपत्राला पत्र पाठवणारा, नगरसेवकाला जाब विचारणारा जो वर्ग, तोच यंत्र बसवून या झगड्यातून अंग काढून घेतो. त्याच्या घरी धुणीभांडी करणारी बाई ते यंत्र पुसते आणि आपल्या वस्तीत जाऊन त्याच नळाचे पाणी पिते. तिच्या नळाची तक्रार ऐकण्यास मग नगरपालिकेला सवड होत नाही.

बरे, अंग काढून घेणारा तरी सुरक्षित राहतो काय? जानेवारी २०२५ मध्ये पुण्याच्या सिंहगड रस्ता परिसरात गुलेन बॅरी सिंड्रोमचे रुग्ण एकाएकी वाढले आणि संशय दूषित पाण्यावर गेला. नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, धायरी ही महापालिकेत अलीकडे समाविष्ट झालेली गावे. तेथील तपासणीत अनेक खासगी आर.ओ. केंद्रांचे विकतचे पाणीही पिण्यास अयोग्य आढळले आणि महापालिकेला ती बंद करावी लागली. पैसे मोजले म्हणजे पाणी शुद्ध झाले, हा भ्रम तेथे पुरता फिटला.

कोणी म्हणेल, नगरपालिका जागी होईपर्यंत मुलांना घाण पाणी पाजायचे काय? मुळीच नाही. यंत्र घेणे हे पाप नव्हे. मात्र आधी शासकीय प्रयोगशाळेतून पाणी तपासून घ्यावे. क्षार मर्यादेत असतील तर गाळून उकळणे पुरेसे. ते जमत नसेल तर अतिनील किरणांचे यंत्र किंवा सूक्ष्म गाळणी घ्यावी. कूपनलिकेचे पाणी खारट किंवा फ्लोराइडयुक्त असेल तरच आर.ओ. घ्यावे, आणि त्याचे सांडपाणी फरशीला व संडासाला वापरावे. किमतीबरोबर दरसालच्या देखभालीचा खर्चही विचारून घ्यावा.

परंतु तेवढ्यावर थांबणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडच्या चवदार तळ्यावर गेले, ते सार्वजनिक पाण्यावरील माणसाचा समान हक्क बजावण्यासाठी. त्यानंतर सनातन्यांनी त्या तळ्याचे ‘शुद्धीकरण’ केले. त्यांना पाण्याच्या शुद्धतेशी कर्तव्य नव्हते, ते कोण पितो याच्याशी होते. १९६१ मध्ये मुंबई महापालिकेवर निवडून गेलेल्या मृणाल गोरे गोरेगावच्या पाण्यासाठी झगडल्या आणि लोकांनी त्यांना ‘पाणीवाली बाई’ म्हटले. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने पाण्याचा मानवी हक्क मान्य केला तो २८ जुलै २०१० रोजी. आपली चळवळ तो त्याच्या कितीतरी आधीपासून मागत आली आहे.

तेव्हा कार्यकर्त्यांनी आपापल्या वॉर्डात व गावात हे काम हाती घ्यावे. नळाच्या शेवटच्या टोकाला लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक असलाच पाहिजे. तो आहे की नाही हे जलसुरक्षकाच्या ओ.टी. चाचणीने जागच्या जागी कळते. ही चाचणी लोकांसमोर करवून घ्यावी आणि तिची नोंद फलकावर लावण्याचा आग्रह धरावा. ग्रामपंचायतीला पाण्याचे लाल, पिवळे की हिरवे कार्ड मिळाले, हे ग्रामसभेत विचारावे. गटाराशेजारून गेलेल्या फुटक्या जलवाहिन्यांची यादी करून ती बदलण्याची मुदत लेखी घ्यावी, आणि मुदत टळली तर मोर्चा न्यावा. या मोर्चात घरी यंत्र असलेल्यांनीही आले पाहिजे. त्यांच्या यंत्रात जे पाणी शिरते, तेही त्याच नळाचे आहे.