पडद्यावरची गोष्ट : अर्धं मिनिट, तीन तास!

दोस्तांनो, घोडे, धुळीचे लोट, कमरेला पिस्तुलं असा सिनेमा म्हणजे 'वेस्टर्न', हे तुम्हाला ठाऊकच असेल. आजचा आपला सिनेमा आहे 'वायट अर्प' (१९९४). दिग्दर्शक लॉरेन्स कॅस्डन, नायक केविन कॉस्टनर आणि लांबी तब्बल तीन तास अकरा मिनिटं! म्हणजे आपल्या हिंदी सिनेमांच्या तोडीस तोड.

हा वायट अर्प खराखुरा माणूस, बरं का! जन्म १८४८, अमेरिकेतल्या इलिनॉयमधला. सुरुवातीला तो शाळकरी पोरगा आहे. यादवी युद्ध चालू आहे, मोठे भाऊ सैन्यात आहेत, म्हणून हाही मक्याच्या शेतातून पळ काढतो. पण वडील त्याला गाठतात! वडिलांचं काम जीन हॅकमननं झकास केलंय.

पुढे हा पोलिसात शिरतो आणि भावांबरोबर ॲरिझोनातल्या टूमस्टोनला येतो. चांदीच्या खाणींचं गाव. तिथं २६ ऑक्टोबर १८८१ ला ती प्रसिद्ध चकमक झाली. गावात हत्यार बाळगायला बंदी होती. काही काउबॉयनी ती मोडली, म्हणून अर्प बंधू आणि डॉक हॉलिडे त्यांना नि:शस्त्र करायला निघाले. समोरासमोर आले आणि धडाधड गोळ्या सुटल्या! सुमारे तीस सेकंदांत तीसेक गोळ्या, आणि तिघे ठार.

गंमत अशी, की चकमक 'ओ. के. कोरल'ची म्हणतात, पण झाली त्या आवाराबाहेरच्या अरुंद मोकळ्या जागेत. शेजारीच फोटो स्टुडिओ होता, तरी लढाईचा एकही फोटो नाही! शिवाय गावचा पोलीसप्रमुख वायट नव्हताच, त्याचा भाऊ व्हर्जिल होता.

मग खरं काय घडलं? कोर्टात महिनाभर साक्षी झाल्या. एक बाजू म्हणे, त्यांनी हात वर केले होते. दुसरी म्हणे, त्यांनी आधी पिस्तुलं काढली. न्यायाधीशांनी अर्प बंधूंना सोडलं. पण डिसेंबरात व्हर्जिलवर गोळीबार होऊन त्याचा हात कायमचा निकामी झाला आणि मार्च १८८२ मध्ये धाकट्या मॉर्गनला बिलियर्ड खेळताना ठार केलं. मग वायट सूड घ्यायला निघाला. छातीवर सरकारी बिल्ला, आणि कोर्टाची वाट न बघता माणसं मारायची! पुढे त्याच्याच नावानं वॉरंट निघालं. सिनेमा हे लपवत नाही, तेच मला आवडलं. (आईबाबांनो, रक्तपात बराच आहे, लहानांना एकटं बसवू नका.)

मधे सिनेमा रेंगाळतो, हे खरं. पण क्षयरोगी डॉकसाठी डेनिस क्वेड इतका वाळलाय, की ओळखू येत नाही! आणि शेवट चुकवू नका. बोटीवर एक तरुण वायटला त्याच्याच पराक्रमाची गोष्ट सांगतो : जमावासमोर एकट्यानं उभं राहून त्यानं तरुणाच्या काकांचा जीव वाचवला, वगैरे. तो गेल्यावर वायट बायकोला म्हणतो, हे असं घडलं नाही म्हणणारेही आहेत. ती म्हणते, त्यांच्याकडे लक्ष देऊ नकोस, असंच घडलं!

खरा वायट १९२९ साली लॉस एंजेलिसला वारला. त्याच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत टॉम मिक्स आणि विल्यम हार्ट होते, दोघेही मूकपटांतले काउबॉय हीरो. त्याला सीमेवरचा थोर मार्शल ठरवणारं चरित्र त्यानंतर दोन वर्षांनी, १९३१ ला आलं.