नावामागची पदवी

निवडणुकीच्या प्रचारपत्रकांवर उमेदवाराच्या नावामागे डॉक्टर, वकील, प्राध्यापक ही बिरुदे ठळक अक्षरांत छापली जातात. मध्यमवर्गीय मतदाराला त्याचे समाधानही वाटते. ती पदवी पुढे सभागृहात किती उपयोगास आली, हे मात्र कोणी विचारीत नाही. कोल्हापूरकरांनी ते अवश्य विचारावे. १९८५ ते १९९० या काळात विधानसभेत या शहराचे प्रतिनिधी प्रा. एन. डी. पाटील होते.

शेतकरी कामगार पक्षाची त्यांची मार्क्सवादी बैठक राष्ट्रीय विचाराच्या कार्यकर्त्याला मानवणारी नव्हती. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे अध्यक्ष म्हणून त्यांनी मांडलेल्या भूमिकांविषयीचा मतभेद २०२२ साली झालेल्या त्यांच्या निधनाने मिटलेला नाही. तो तसा मिटण्याचे कारणही नाही. परंतु विरोधकाचे मोजमाप प्रामाणिकपणे करणे हाही संस्काराचाच भाग आहे.

वाळवा तालुक्यातील ढवळीच्या शेतकरी कुटुंबात १९२९ साली जन्मलेले पाटील अर्थशास्त्राचे एम. ए. झाले, पुढे कायद्याचे पदवीधर झाले. साताऱ्यास प्राध्यापक, इस्लामपुरास प्राचार्य, विधान परिषदेत १८ वर्षे. १९७८ च्या पुलोद मंत्रिमंडळात ते सहकारमंत्री झाले, तेव्हा जनसंघाच्या मुशीत घडलेले उत्तमराव पाटील आणि हशू अडवाणी त्यांचे सहकारी मंत्री होते. दोन टोकांचे विचार एकाच मंत्रिमंडळात बसले. त्यात कोणाचाही विचार बाटला नाही.

सत्तेची पदे सुटली, आमदारकीही संपली. तरी त्यांच्यातला शिक्षक आणि अर्थशास्त्री निवृत्त झाला नाही. कोल्हापूर शहरातील रस्त्यांवर टोल बसला, तेव्हा ऐंशी ओलांडलेले हे गृहस्थ सर्वपक्षीय कृती समितीच्या अग्रभागी उभे राहिले. त्या लढ्यात भगवे आणि लाल झेंडे एकाच मोर्चात चालले. २०१५ च्या अखेरीस युती सरकारने तो टोल रद्द केला. सार्वजनिक बांधकाम खाते तेव्हा कोल्हापूरचेच चंद्रकांत पाटील यांच्याकडे होते. श्रेय कोणाचे, यावर वाद घालणाऱ्यांनी खुशाल घालावा.

याच पिढीत दुसऱ्या तीरावर रामभाऊ म्हाळगी होते. पेशाने वकील, १९५७ साली मावळातून जनसंघाचे आमदार. आपण वर्षभरात काय केले याचा छापील अहवाल ते मतदारांपुढे ठेवीत. वकिलाला पुराव्याची सवय असते. म्हाळगींनी ती स्वतःवरच लागू केली. त्यांच्या नावे १९८२ साली उभी राहिलेली प्रबोधिनी लोकप्रतिनिधींना प्रशिक्षण देत आली आहे. तरीही वार्षिक अहवालाची ती प्रथा परिवारातील किती आमदार आज पाळतात, हा प्रश्न विरोधकांनी विचारण्यापूर्वी शाखेतच विचारला जावा. पुढील निवडणुकीत डॉक्टर वा वकील उमेदवार दारी येईल, तेव्हा त्याचे पत्रक घ्यावे आणि गेल्या पाच वर्षांचा अहवालही मागावा.